सरांची कंबर अठ्ठावीस

आमच्या सरांची कंबर अठ्ठावीस इंच आहे. लग्नात होती तेवढीच. हे मी कौतुकाने सांगत नाही. ते सांगितल्याशिवाय सरांची ओळखच होत नाही, कारण ते स्वतःही नावाच्या आधी तेच सांगतात. सर म्हणजे माझे यजमान, चिंतामणी सर. उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. अंबरनाथला आमच्या बिल्डिंगीत सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही म्हणते. नवरा म्हणवून घ्यावं असं त्यांच्या हातून काही झाल्याचं मला तरी आठवत नाही.

दर पाडव्याला सर लग्नातली पँट काढतात, घालतात आणि काही काम नसताना चारही मजले फिरून येतात. जाड माणूस दिसला की यांच्या जिभेला खाज सुटते. उल्हासनगरात मी ब्लाउजच्या अस्तराला कापड घेत असले, की दुकानदाराला विचारणार, शेटजी, हे पोट आहे की गोडाऊन? बिचारा हसतो, आणि पुढच्या खेपेला अस्तराचा भाव मला चढवून लावतो. मी स्वतः अंगाने भरलेली. जेवताना माझ्या ताटाकडे हे ज्या नजरेने बघतात, तसं कोणी कुत्र्याकडेही बघू नये.

आणि हेच सर रोज सकाळी चहाबरोबर एक पांढरी गोळी घेतात. घरी आल्यागेल्याला सांगतात, व्हिटॅमिन. कसलं डोंबलाचं व्हिटॅमिन. बीपीची गोळी आहे ती. माझ्या भावाच्या लग्नात भर मांडवात चक्कर येऊन बसले, कल्याणच्या डॉक्टरांनी बीपी सांगितला, तेव्हापासून चालू आहे. गोळीचं पाकीट आवळासुपारीच्या डबीत लपवलेलं असतं. कोणाला बोललीस तर बघ, अशी मला ताकीद. अठ्ठावीस कंबरेच्या माणसाला बीपी, म्हणजे अब्रूच गेली की हो.

दोन हजार सहा साली सरांना शोधनिबंधाची उबळ आली. विषय, विद्यार्थ्यांच्या पोटाचा घेर आणि रक्तदाब. निष्कर्ष त्यांचा आधीच ठरला होता: जेवढं पोट, तेवढा बीपी. फक्त मुलं मोजायची बाकी होती. पण मुलींच्या कंबरेला टेप लावणार कोण? पुरुषाने लावली तर पालक कॉलेजात येऊन चोप देतील. मग सरांना बायको आठवली. मी ब्लाउज शिवते, टेप माझ्या गळ्यात असतेच. चार दिवस मी प्रयोगशाळेत पडद्याआड मुलींच्या कंबरा मोजल्या आणि सर बाहेर बीपी बघत बसले.

जाड मुलांचे काय हाल केले म्हणून सांगू. वजन मोठ्याने सांगायचे, वर टोमणा मारायचे. पोरगा घाबरला की बीपी चढणारच, आणि तो चढला की सरांचा चेहरा खुलायचा. आकडा नीट आला, तर जिना चढून ये म्हणायचे आणि पुन्हा बीपीचा पट्टा बांधायचे. ह्याला संशोधन म्हणतात म्हणे.

तिसऱ्या दिवशी प्रीती आली. दुसऱ्या वर्षाची, बदलापूरची, अंगावर मूठभर मांस नाही. कंबर मोजताना म्हणाली, काकू, रोज सकाळी डोकं ठणकतं, चक्कर येते, फळ्यावरचं कधीकधी दिसत नाही. बाहेर सरांनाही तिने तेच सांगितलं. सरांनी पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे सत्तर. सर हसले. पुन्हा बांधला, तेवढाच आला. मग मशीनवर टिचकी मारली आणि म्हणाले, मशीन बिघडलंय. त्यानंतर त्याच मशीनवर पुढच्या सगळ्या मुली मोजल्या, ते वेगळं.

प्रीतीला त्यांनी सांगितलं, "काडीसारखी पोरगी तू, तुला कुठला बीपी? चक्कर येते म्हणजे लो आहे. लिंबूपाणी घे दिवसातून तीनदा, मीठ जास्त घालून."

मी पडद्याच्या फटीतून सगळं बघत होते. हा माणूस सकाळी गोळी गिळून आला होता. बारीक माणसाला बीपी होतो हे त्या अख्ख्या कॉलेजात याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. न कळून चुकला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण प्रीतीचा आकडा धरला तर निबंधाची सरळ रेघ वाकडी होते, म्हणून पोरगीच वगळली. जेवताना मी विषय काढला. म्हणाले, तू ब्लाउज शिव.

पोरीला गाठून मी डॉक्टरकडे जा म्हटलं. ती म्हणाली, पण सरांनी लो सांगितलंय ना. त्या रविवारी मी बदलापुरात मांजर्लीला तिच्या घरी गेले. आदल्या वर्षीच्या पुराची रेघ अजून भिंतीवर होती. तिच्या वर बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी प्रीतीचं बारावीचं प्रशस्तिपत्र. वडील सोमा अंबरनाथला कंपनीत होते. आई सुंदराबाई पेला घेऊनच बाहेर आली. लेकीचं दुपारचं लिंबूपाणी होतं ते.

मी म्हटलं, पोरीला बीपी आहे, मीठ विष आहे तिला, उद्याच मोठ्या डॉक्टरला दाखवा. सोमाभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमचा मान आहे. पण सर शिकलेले आहेत. आमच्या घरात मास्तरांचा शब्द खाली पडत नाही."

त्यांचा राग कसा करणार? शिक्षणावर त्या माणसाचा जीव होता, आणि त्या जिवावर आमचे सर बसले होते. प्रीती दाराशी डोकं दाबत उभी होती. पेला तिच्या हातात गेला होता.

मी पिशवीतून आवळासुपारीची डबी काढली आणि त्यांच्यापुढे उघडली. म्हटलं, "ही सरांची बीपीची गोळी. चार वर्षं रोज घेतात. कंबर अठ्ठावीस."

सोमाभाऊंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. प्रीतीने माझ्याकडे पाहिलं. सुंदराबाईने मात्र कोणाकडेच पाहिलं नाही. लेकीच्या हातातला पेला काढून घेतला आणि मोरीत ओतला.

मुंबईच्या सरकारी इस्पितळात निदान झालं. एका किडनीची नस जन्मापासून अरुंद होती, त्यानेच बीपी चढत होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे महिने असंच मीठ चाललं असतं तर हाती काही लागलं नसतं. गोळ्या सुरू झाल्या, डोकं दुखायचं थांबलं, फळा दिसू लागला.

सरांना डबी सापडेना म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. ती कुठे नेली होती हे सांगितल्यावर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझा आठवडा फार सुखात गेला.

निबंध व्हायचा तो झालाच. सडपातळ विद्यार्थ्यांत उच्च रक्तदाब आढळला नाही, असं त्यात छापून आलं. कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. सर लग्नातल्या पँटमध्ये स्टेजवर, मी पहिल्या रांगेत. कार्यक्रम संपल्यावर प्राचार्य, पाहुणे, सगळे सरांभोवती जमले, तेवढ्यात प्रीती पुढे आली. पोरगी मनाची साफ. तिला वाटलं होतं, सरांनीच विचार करून मला डबी देऊन पाठवलं असणार. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "सर, तुम्ही बीपीची गोळी जेवणाआधी घेता की नंतर? मला आधी घेतली की मळमळतं."

प्राचार्यांनी सरांच्या कंबरेकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांगा ना तिला," मी म्हटलं.