घड्याळाची खोटी साक्ष

घड्याळाच्या त्या चिपनं मला जेवढं रडवलं तेवढं बारावीच्या गणितानंही रडवलं नव्हतं. आकारानं तुरीच्या डाळीएवढी आणि नखरे नवरदेवाचे. काम तिचं एकच. वीज गेली, यंत्र बंद पडलं, तरी बटणाएवढ्या सेलवर वेळ चालू ठेवायची. यंत्र पुन्हा सुरू झालं की त्याचा कर्नल, म्हणजे आतला सगळा कारभार पाहणारा प्रोग्राम, पहिल्यांदा विचारतो, किती वाजले? त्याला चिपची भाषा येत नाही. दोघांच्या मधे दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

बल्लारपूरच्या घरी, पुढच्या खोलीत टेबल टाकून मी नागपूरच्या एका लहानशा कंपनीसाठी हे करत होते. लसींच्या फ्रिजवर लक्ष ठेवणारं यंत्र होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सकाळी नऊला आणि दुपारी चारला तापमान पाहायचं, बटण दाबायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. बटण कधी दाबलं ते यंत्र आपल्या पोटात ठेवणार. बाईंना वेळ दाखवायची सोय त्यात नव्हती, नुसतं तापमान दिसायचं.

चिपमध्ये एक खूण असते. ती वर असली की समजायचं, चिप म्हणते आहे, मी मधे थांबले होते, माझ्या वेळेवर भरोसा ठेवू नका. माझ्या टेबलावर ही खूण सारखी वर. यंत्र सुरू केलं की एरर. पुन्हा सुरू केलं, पुन्हा एरर. चार दिवस नुसता हाच तमाशा. त्यात आमची आई. ढग नुसते गुरगुरले तरी घरातले सगळे प्लग उपटून ठेवायची तिची सवय. माझं काम अर्ध्यावर आणि वायर तिच्या हातात! "माय, माझं टेबल सोडून काय उपटाचं ते उपट," म्हणून मी तिच्यावर ओरडले आणि टेबलापुरता इन्व्हर्टर लावून घेतला. डोकं इतकं फिरलं होतं की त्याच भरात एक ओळ लिहून टाकली. खूण वर असली तर बोंबलू नको, शेवटची जतन केलेली वेळ दे आणि पुढं चल. शेजारी शेरा मारला, 'तात्पुरतं'. एरर गायब. दोनदा पटकन बंद-चालू करून पाहिलं, वेळ बरोबर. कोड नागपूरला पाठवला आणि सुटले बुवा म्हणून झोपले.

उन्हाळ्याच्या शेवटी कंपनीच्या साहेबांचा फोन आला. अहेरीच्या पलीकडच्या एका उपकेंद्रातली नर्सबाई खोट्या नोंदी करते, असं तालुक्याच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. रजिस्टरमध्ये सकाळचे नऊ, यंत्रात पहाटेचे तीन. कधी आदल्या दिवशीची संध्याकाळ. बाई कंत्राटी, करार नव्यानं व्हायची वेळ आलेली आणि त्याच वेळी हातात नोटीस. यंत्र निर्दोष आहे असं पत्र कंपनीकडून गेलं की बाईची नोकरी संपली. साहेबांना ते पत्र माझ्या सहीनं हवं होतं.

"दोन ओळी लिहायला एवढं काय लागतं तुला?" ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी तपासते. अकरा दिवस यंत्र टेबलावर चालवलं. सेकंदाचा फरक नाही! कोड ओळीनं वाचला. तात्पुरतं लिहिलेली ती ओळही वाचली आणि पुढं गेले. आपलीच ओळ होती ना, तिच्यावर कोण संशय घेतो? साहेबांचे फोन रोज. बाराव्या दिवशी मनात आलंच, लिहीत असतील बाई घरी बसून नोंदी, मी काऊन माझं डोकं फोडून घेऊ? पण सही करवेना. शेवटी वैतागून एसटी धरली आणि गोंडपिपरी, आष्टी करत अहेरीला उतरले.

बाई स्कूटीवर घ्यायला आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, कडक इस्त्रीची साडी, बोलणं मोजकं. उपकेंद्रात पोचेस्तोवर अकरा वाजले. रजिस्टर उघडलं तर एकेक आकडा मोत्यासारखा. मी लॅपटॉप जोडून बसले आणि तासाभरात आभाळ वाजलं. पाऊस नाही, काही नाही, नुसतं कोरडं गडगडणं. बाई ताडकन उठल्या. पंख्याचा प्लग काढला, ट्यूबचं बटण बंद केलं, फ्रिजचा प्लग काढला आणि माझ्या यंत्राचाही.

"बाई, फ्रिज काऊन काढला?"

"थो आतून बर्फाचा हाये मॅडम, लाइनबिगर दिवसभर थंडाच राह्यते. मागच्या साली शाळेतलं सगळं सामान जळलं इजेनं. गडगडून राह्यलं की मी काईच चालू ठेवत नाई."

"रोज?"

"आता रोजच गडगडते ना बाप्पा!"

दोन तासांनी आभाळ मोकळं झालं. बाईंनी सगळे प्लग परत लावले. माझ्या लॅपटॉपवर यंत्राची वेळ आली: बारा वाजून दहा मिनिटं. भिंतीवर सव्वादोन झाले होते. यंत्र जिथं थांबलं होतं तिथूनच निमूटपणे पुढं चालायला लागलं होतं. नोंदींत खंडसुद्धा दिसत नव्हता.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सेलवर चाल, हे त्या चिपला आधी सांगावं लागतं. ते तिच्या माहितीपुस्तिकेत कुठल्यातरी कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं आणि मी वाचलंच नव्हतं. सेल असून नसल्यासारखा. ती बिचारी पहिल्या दिवसापासून खूण वर करून सांगत होती आणि मी तिचं तोंड दाबून ठेवलं होतं. आईला तेव्हा टेबलाचा प्लग काढू दिला असता तर हे घरीच कळलं असतं.

"बाई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमची एकही नोंद खोटी नाही. मी लिहून देते."

बाई हसल्या नाहीत. उठून कपाटातून त्यांनी एक कागद काढला. माफीनाम्याची प्रत होती ती. 'माझ्याकडून नोंदी चुकीच्या वेळी झाल्या, पुन्हा असे होणार नाही.' खाली सही, तीही मोत्यासारखी.

"हे काऊन लिहून दिलं तुम्ही?" मी ओरडलेच.

"मशीन कशाले खोटं बोलंल, मॅडम? तुम्ही शिकलेली माणसं. मले वाटलं, माझंच काई चुकून राह्यलं असंल. वय झालं."

त्या दिवशी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी कधीच वाटली नव्हती. मी पत्र लिहिलं, चूक ड्रायव्हरची आणि ड्रायव्हर माझा. साहेबांनी आधी माझा उद्धार केला आणि मग ते पाठवलं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "पण बाईंनी स्वतः कबूल केलंय की!" तीन खेपा घातल्या, भांडले, तेव्हा करार पुढं चालू झाला. माफीनामा मात्र फाइलमध्येच राहिला. तो काढायची पद्धत नाही म्हणे. ड्रायव्हर मी एका दुपारी दुरुस्त केला, आता वेळ चोख राहते.

बाईंचा फोन अजून येतो. रोज नाही, पण येतो. भिंतीवर घड्याळ आहे, हातात आहे, मोबाइलमध्ये आहे. तरी विचारतात, "मॅडम, नऊच वाजले ना? लिहू ना मी?"

"लिहा बाई," मी म्हणते, आणि त्या लिहीस्तोवर फोन ठेवत नाही.