विरजणाशिवाय कंपायलर

रविवारी सकाळी बायको म्हणाली, "माळ्यावरचा पसारा काढ, कबाडीवाला येणार आहे." मी शिडीवर चढलो. बंद पडलेला हीटर, दोन मुके कीबोर्ड, कुठल्याशा सूटकेसचं चाक, सगळ्यांकडे मायेने पाहिलं आणि काहीही न काढता खाली उतरलो. पण साफसफाईचा जोर अंगात आला होता, तो कॉम्प्युटरवर काढला. जुनी सिस्टम लायब्ररी पुसून टाकली.

ही लायब्ररी म्हणजे बाकीचे सगळे प्रोग्रॅम ज्याच्यावर उभे असतात तो पाया. आठवडाभर खपून मी एकेक प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर नेला होता. राहिला होता फक्त कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराचा चालणारा प्रोग्रॅम करून देणारा. तो अजून जुन्या पायावरच होता. हे मला पुसल्यानंतर आठवलं.

सोमवारी मानेसरच्या कारखान्यात तपासणीच्या मशीनवर माझा नवा प्रोग्रॅम चढवायचा होता. तिथल्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं, "इस बार नहीं हुआ तो काम किसी और को दे देंगे. बुरा मत मानना." मी मानणार होतो.

"मग परत बनव की तो कंपायलर," बायको म्हणाली.

"कंपायलर बनवायला कंपायलरच लागतो. दही लावायला विरजण लागतं तसं."

"आणि तू सगळं दही संपवून भांडं घासून ठेवलंस."

"हो."

"मग कुणाकडून तरी आण वाटीभर."

इंटरनेटवर आमच्या म्हाताऱ्या मशीनला चालेल असा तयार मिळेना. वाटीभर होतं ते तिच्या धाकट्या भावाकडे. तो इथेच, दिल्लीतल्या द्वारकेत, पलीकडच्या सेक्टरमध्ये राहतो आणि माझ्याच धंद्यात आहे. शनिवारी आमच्याकडे जेवताना तो म्हणाला होता, "जिजाजी, आधी कंपायलर बांधा, मग जुनी लायब्ररी काढा." त्यावर मी म्हणालो होतो, "तू चड्डी सांभाळत होतास तेव्हापासून मी हे करतोय." बासुंदी तशीच टाकून तो उठला होता.

फोन बायकोने केला. मेहुणा आला, पाणी नको म्हणाला आणि लॅपटॉप उघडून बसला.

"सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"ऐकलं असतं तर मी आत्ता घरी लोळत असतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझा कंपायलर तुमचा बनवेल. मग तुमचा स्वतःलाच पुन्हा बनवेल. त्यानंतर त्यात माझं काही उरणार नाही. खूश?"

"बिल्कुल."

स्क्रीनवरून ओळी धावत राहिल्या. एका सोफ्याच्या दोन टोकांना आम्ही दोघं, मधे उशी. दुपारी सगळं अडलं. कुठल्यातरी फाइलमध्ये अजून जुन्या लायब्ररीचाच पत्ता होता.

"हे कोणी लिहिलंय?"

"मीच."

"वाटलंच."

त्याने ती ओळ बदलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. जेवायला तो आत बहिणीजवळ बसला. माझं ताट बायकोने बाहेर आणून आदळलं. ऊन गॅलरीतून उतरलं तेव्हा नव्या कंपायलरने स्वतःला बनवून संपवलं. मी माझा प्रोग्रॅम त्याला दिला. झाला! हरखून मी मेहुण्याकडे पाहिलं. तो वायर गुंडाळत होता.

"ताई, येतो," एवढंच म्हणाला. मला नाही.

दार लागताच मी साहेबांना फोन लावला. "सर, हो गया. थोड़ी दिक्कत आई थी, पर मैंने संभाल ली."

मागे वळलो तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"लिफ्ट अजून वर आली नसेल, तो बाहेरच उभा असेल," ती म्हणाली. "बोलावते त्याला. हेच त्याच्यासमोर म्हण."