मौद्याहून परत

मागणी घालायला मुलगा मुलीच्या घरी जातो आणि मुलगी आत बसून वाट पाहते, अशी रीत आहे. आमच्या वेळी मुलीनेच मुलाला बाइकवर मागे बसवून बापाकडे नेलं. मैत्रिणींनी याला मोठं धाडस ठरवलं. धाडस कसलं? त्याला हायवेवर ट्रकांची धास्ती वाटते आणि मला मागे बसायचा कंटाळा येतो. गाडीही माझीच होती.

बाबा शाळेतून निवृत्त झाल्यापासून साकोलीजवळच्या आमच्या गावी राहतात. मी बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात रंगाच्या लॅबमध्ये काम करते. तो त्याच कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर. एकदा मी कापडाचा एक लॉट नापास केला, म्हणून तो तावातावाने विचारायला आला. मी त्याला निळ्या कापडाचे दोन तुकडे आधी ट्यूबलाइटखाली दाखवले आणि मग खिडकीशी नेऊन उन्हात. फरक दिसला का, विचारलं. त्याने दोन्ही तुकडे बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाला, "नाही दिसला. पण तुम्ही म्हणता तर असंन." आमच्याकडे येणारा प्रत्येक पुरुष मान डोलावून "हो हो, दिसला" म्हणतो. हा एकटा खरं बोलला. त्या दिवसापासून तो माझ्या मनात बसला, हे मी त्याला पुढे वर्षभर कळू दिलं नाही.

तर रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन आम्ही नागपुरातून निघालो. थंडी सरत आली होती, ऊन कोवळं होतं. त्याने सॅक पाठीला न लावता पोटाशी धरली होती आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात ती माझ्या पाठीत टोचत होती. पारडी मागे पडली, कन्हानचा पूल गेला. बाबांसमोर काय बोलायचं याची त्याची उजळणी चालू होती. मी हेल्मेटच्या आतून हसत होते. इतकी खूश मी कित्येक महिन्यांत नव्हते.

मौद्याला चहासाठी थांबलो. दूर वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. रुमाल काढायला त्याने सॅकची चेन ओढली आणि आतून शेंडीवाला नारळ घरंगळत थेट चहावाल्याच्या स्टोव्हपाशी गेला. पाठोपाठ एक पिशवी निघाली. तिच्यात हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची नवी डबी होती.

"हे काय आहे गा?"

"आईनं दिलं. म्हणे मुलगी मागाले जाऊन राहिला तर ओटीचं सामान ने."

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, गावी परतले आणि घरातले देव टोपलीत घालून भर दिवसा, सगळ्यांच्या देखत नदीत सोडले. त्यानंतर आमच्या उंबऱ्याच्या आत ना कुंकू आलं, ना ओटी. लग्नात आमची नवरी पांढरी साडी नेसते. हे सगळं मी त्याला सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा. त्याचं घर जुन्या महाल वस्तीतलं, भोसल्यांच्या काळापासून नागपुरात असलेलं. तिथे काय काय होतं तेही मला ठाऊक होतं. म्हणूनच मी त्याला विचारून घेतलं होतं की घरी सांगितलंस का, आणि तो म्हणाला होता, सगळं सांगितलं.

"आईले काय सांगतलं तू माह्याबद्दल?"

"नोकरी सांगतली. शिक्षण सांगतलं. म्हटलं, आपल्यासारखीच आहे."

आपल्यासारखीच! या एका शब्दाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आजोबांनी ज्यासाठी गावाचं वैर पत्करलं, ते याने एका शब्दात पुसून टाकलं होतं, आणि तेही प्रेमाने. मी काही बोलण्याआधीच त्याने तोडगा काढला. "आपण हे नदीत सोडून देऊ. कन्हान मागेच आहे. आईले वाटंन दिलं, बाबांले काही समजणार नाही. कोणाचंच मन दुखणार नाही."

खरं सांगते, मला क्षणभर मोह पडला. बाबा जेवायचे थांबले होते. मला तो हवा होता, अगदी मनापासून हवा होता. पाच मिनिटांचं काम होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पुढची वर्षं येऊ लागली. पहिला सण, डोहाळजेवण, पोराचं बारसं. दर वेळी एक पिशवी येणार आणि दर वेळी आम्ही दोघं मिळून नदी शोधणार. तोपर्यंत मी समजत होते की मला फक्त हा माणूस हवा आहे. त्या टपरीवर मला कळलं की तो मला हवाच आहे, पण लपूनछपून नको. त्यासाठी त्याला सोडावं लागलं असतं, तर मी रडत रडत सोडलं असतं.

मी नारळ उचलून पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"बस मागे. तुह्या घरी जाऊ."

"आता? अन् बाबा?"

"बाबांले फोन करते. आधी तू घरी सांग. मी एक अक्षर बोलणार नाही. तुले नाही जमलं तर तू तिथंच राह्य, मी एकटी साकोलीले जाईन."

उशीर होईल एवढंच मी बाबांना फोनवर सांगितलं आणि गाडी महालाकडे वळवली.

त्याच्या आई दारातच होत्या. वडील बाहेर गेले होते. त्याने पिशवी टेबलावर ठेवली.

"काहून परत आणलं? काही कमी पडलं का?"

"कमी नाही पडलं, आई. त्यांच्याकडे हे चालत नाही. ते बौद्ध आहेत. मी तुले सांगतलं नव्हतं. तिनं नाही लपवलं, मी लपवलं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाशी इतकं काही आलं होतं की मी जीभ दातांत धरून बसले.

"लग्नानंतर आपल्या घरचं करंन का ही?" त्यांनी त्यालाच विचारलं.

"नाही. अन् मी तिले कराले लावणार नाही."

"मग मले विचारता कशाले? माही ना आहे."

"विचारून नाही राहिलो, आई. सांगून राहिलो. तू लग्नाले नाही आली तर मले खूप वाईट वाटंन. पण लग्न होईन."

आई आत गेल्या आणि दोन पेले पाणी घेऊन आल्या. एक त्याच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे. मी पाणी प्यायले. आम्ही निघालो तेव्हा त्या दारापर्यंतही आल्या नाहीत.

कन्हानच्या पुलाअलीकडे त्याने गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला बसून तो लहान मुलासारखा रडला. मी त्याची समजूत घातली नाही, नुसती शेजारी बसून राहिले. तो माणूस मला त्या वेळी जितका आवडला तितका आधी कधी आवडला नव्हता. मग त्याने तोंड धुतलं आणि आम्ही पुढे निघालो.

गावात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बाबा फाटकात उभे होते, चेहरा त्रासलेला.

"येवढा उशीर काहून? जेवण सारं थंड झालं."

मी तोंड उघडणार, तोच तो पुढे झाला. "बाबा, आम्ही मौद्यापर्यंत आलो होतो. तिथून परत गेलो. माह्या आईले खरं सांगायचं राहिलं होतं."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"नाही म्हणाली."

बाबांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "अन् तरी आला?"

"हो."

बाबांनी फाटकाची दोन्ही दारं उघडली आणि मला म्हणाले, "गाडी आत घे वं."