समासात न मारलेली रेघ

हेलनचं नाव निघालं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. काहीतरी ढवळायचं असतं, नाहीतर मशीनमधले कपडे काढायचे असतात. घरात कुणाच्या हे लक्षात आलेलं नाही. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यातलं अक्षरही ठाऊक नाही. मुलीला नाही, पुण्याच्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका — मलाच नीट सांगता येणार नाही.

हेलन कादंबरीकार होती. इंग्लंडची. होती म्हणते, पण ती चांगली जिवंत आहे. लिहीत नाही, इतकंच. आणि ती लिहीत नाही यात माझा हात आहे.

मी एका बँकेत ऑडिट करते. रडणं-भेकणं मला जमत नाही, तेव्हा सरळ सांगते.

ती उत्तरेकडच्या एका गिरण्यांच्या गावात वाढलेली. वडील बस चालवायचे. तिनं बरीच वर्षं शाळेत शिकवलं, आणि शाळा सुटल्यावर लिहिलं. पहिली कादंबरी चाळिशीत आली आणि गाजली. दुसरी बरी गेली. तिसरी कुणी फारशी वाचली नाही. मग नवऱ्याला इथल्या कॉलेजात नोकरी लागली आणि दोघं सिंगापूरला आली, पासिर रिस भागात आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये भाड्यानं राहू लागली. प्रकाशकानं तिला सांगून ठेवलं होतं, की चौथी चालली तर पुढचं बोलू. हे तिनंच मला सांगितलं, उद्या पाऊस आहे म्हणावं इतक्या सहज. पण चहाच्या कपाभोवतीची तिची बोटं पांढरी पडली होती, ते मी पाहिलं होतं.

सकाळी ती खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, पंख्याखालचं टेबल धरून पेन्सिलीनं लिहायची. एका शनिवारी मी लिटिल इंडियातून भाजी घेऊन येत होते. माझ्या पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आल्या होत्या. “हे चावायचं की चोखायचं?” तिनं विचारलं. मी बसले. ती मैत्री अशी सुरू झाली, आणि चांगली होती. मला फारशा मैत्रिणी नाहीत. माझ्याशी बोलताना बायका जरा सावरून बसतात. हेलन तशी बसायची नाही.

चौथी कादंबरी इथल्या एका मराठी कुटुंबावर होती. ती विचारायची, मी सांगायचे. आमच्यात सुतकात काय करतात, तेराव्याला गोड का करतात, सासूला काय हाक मारतात. आणि एकदा — समुद्राकडे फिरायला गेलो होतो, तेव्हा — मी तिला माझ्या वडिलांचं सांगितलं.

वडील सांगलीला दवाखान्यात होते. भावाचा फोन आला, “ताई, लगेच निघ.” मी म्हटलं, ऑफिसात वर्षाअखेरीचं काम आहे, रजा मिळत नाही. रजा मिळत होती. पण नव्या फ्लॅटचं काम चालू होतं, आणि कंत्राटदारानं त्या दिवशी टाइल्स निवडायला बोलावलं होतं. पुन्हा वेळ मिळायला महिना गेला असता. मी दुकानात उभं राहून फिकट हिरव्या टाइल्स निवडल्या. दुसऱ्या दिवशीचं विमान धरलं. पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं.

कबुलीजबाब तो हाच, असं वाटलं ना तुम्हाला? नाही. ते मी हेलनला तेव्हाच सांगून टाकलं होतं. तिनं सगळं ऐकलं आणि मग विचारलं, “यातलं काही वापरलं तर चालेल तुला?” मी म्हटलं, “वापर की. मला काय त्याचं.” फक्त पुस्तकात माझं नाव कुठे घालू नकोस म्हटलं, आभारांतसुद्धा. तिनं शब्द दिला.

पुढे तिनं हस्तलिखित माझ्या हातात ठेवलं. तिची एक पद्धत होती. छापायला देण्याआधी एका माणसाला वाचायला द्यायचं, आणि त्यानं जिथे काही खोटं वाटेल तिथे समासात पेन्सिलीनं रेघ मारायची. कारण लिहायचं नाही. ती स्वतः येऊन विचारणार. मला हे आवडलं, आमच्या कामासारखंच होतं. मी तिला बजावलं, “मी ज्यावर खूण करत नाही, ते मी पास केलेलं असतं. जिथे रेघ नाही तिथे निर्धास्त राहा.” हे वाक्य माझं आहे. माझ्याच तोंडचं.

मी वाचायला बसले. आणि त्यात देविका निघाली.

देविका हिशेबी होती. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या करून खणात ठेवायची. कुणी रडायला लागलं की त्याला पाणी आणून द्यायची आणि घड्याळ बघायची. वडील अत्यवस्थ असताना ती टाइल्स निवडत होती. हेलननं तिला वाईट ठरवलं नव्हतं हो — वाईट ठरवलं असतं तर मी भांडले असते. तिनं फक्त दाखवली होती, जशी आहे तशी. दुकानदार विचारतो, “मॅडम, बरं वाटत नाही का?” आणि देविका म्हणते, “यातच मॅट फिनिश आहे का?” हे मी हेलनला सांगितलेलं नव्हतं. पण मी तसंच म्हटलं होतं. तिला कसं कळलं?

पुढचं प्रकरण वडील गेल्यानंतरचं. त्यावर सगळी कादंबरी उभी होती. घरात मृत्यू होऊन तीनच दिवस झालेत, आणि हेलननं लिहिलं होतं: दारात रांगोळी, चौकटीला झेंडूचं तोरण, आत पुरण शिजतंय, मुलांच्या अंगावर नवे कपडे. मी सांगितलेल्या तेराव्याच्या गोडाचं आणि कुठल्याशा सणाचं तिच्या डोक्यात मिश्रण झालं होतं. तिला त्यात सांत्वन दिसत होतं. आपल्याला काय दिसेल? सुतकात तोरण! कुणीही मराठी माणूस ते पान वाचून हसला असता, नाहीतर पुस्तक मिटून ठेवलं असतं.

माझ्या हातात पेन्सिल होती. एक रेघ मारायची होती. ती धावत आली असती आणि आठवड्याभरात सगळं प्रकरण बदललं असतं. त्या बाईला स्वतःचं लिखाण फाडायला कधी जड जात नव्हतं.

मी रेघ मारली नाही.

नजरचूक नव्हती. बाकी ठिकाणी मी मन लावून रेघा मारल्या. फोडणीत हळद कधी पडते, सांगलीला जायला कुठे उतरावं लागतं, आजी नातीला ‘अगं’ म्हणेल की ‘अहो’. बारीकसारीक चुका सगळ्या टिपल्या, म्हणजे उरलेलं तपासलंय असा तिला भरवसा वाटावा. ऑडिटमध्ये हे माझ्याशी कुणी केलं असतं तर मी त्याची नोकरी घालवली असती. हेलननं पानं चाळली, माझा हात धरला आणि म्हणाली, “त्या प्रकरणावर एकही रेघ नाही! मला त्याचीच धास्ती होती.” मी म्हटलं, “छान जमलंय.”

पुस्तक आलं. माझी मुलगी ईशा सोफ्यावर आडवी पडून वाचत होती. मध्येच ओरडली, “आय्या ममा, धिस देविका इज सो यू, लाह! त्या प्लास्टिक बॅग्ज!” मी म्हटलं, “वेडपटासारखं बोलू नकोस, अर्धं सिंगापूर तशा घड्या घालतं.” ती हसली. टाइल्सचं तिला माहीत नाही. ती त्याच टाइल्सच्या स्वयंपाकघरात वाढलीय.

मग लायब्ररीत एका दुपारी हेलनचा कार्यक्रम झाला. आमच्या वाचन मंडळाच्या बायका झाडून आल्या होत्या, पुढे लीनाताई. लीनाताई मंडळ चालवतात, आणि त्यांना बोलायला माईक लागत नाही. हेलनचं वाचन संपताच त्या उठल्या. “वडील जाऊन तीन दिवस, आणि दारात तोरण? अहो, पुरण कोण शिजवतंय, शत्रू?” हॉलमध्ये हशा पिकला. हेलनही हसली, मग तिला कळलं की हसण्यासारखं ते तिचं पान आहे. ती म्हणाली, “माझ्या एका मराठी मैत्रिणीनं हे वाचलं होतं.” लीनाताई म्हणाल्या, “मग त्या मैत्रिणीनं तुमची गंमत केली!” पुन्हा हशा.

मी तिसऱ्या रांगेत होते. हेलननं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही — दिलेला शब्द पाळत होती. मी गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक होतं. नाही, ठीक नव्हतं. पण मी गप्प बसले नाही. कुणीतरी विचारलं, देविकासारख्या बायका तुमच्या समाजात खरंच असतात का? लीनाताई उत्तराला तोंड उघडतायत तोवर मी उभी राहिले.

मी म्हटलं, “मी मराठी आहे, इतकी वर्षं इथे आहे. वडील मरणाच्या दारात असताना टाइल्स निवडणारी मुलगी आमच्यात सापडणार नाही. लेखिकेनं लिहिण्याआधी आमच्यापैकी कुणाला तरी विचारायला हवं होतं.”

टाळ्या वाजल्या. हो, टाळ्या.

हेलननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “तुमचं बरोबर असेल,” ती म्हणाली, अनोळखी माणसाशी बोलावं तितक्याच सभ्यपणे. एका शब्दात ती मला तिथेच उघडं पाडू शकली असती. तिनं पुढचा प्रश्न घेतला.

परतताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये लीनाताईंनी माझी पाठ थोपटली. “बरं झालं गं बोललीस. यांना वाटतं आपण काय वाट्टेल ते खपवून घेऊ.” मी म्हटलं, “नाहीतर काय.”

त्या दुपारचं कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं, मग भारतातल्या परीक्षणांनी तेच उचललं. तोरण, पुरण, आणि ‘सिंगापूरमधल्या एका मराठी वाचक महिलेनं सुनावलं’ ते. लेखिकेला या माणसांची ओळखच नाही, असं ठरलं. सगळ्यात खोटी कोण, तर देविका. पुस्तक मागे पडलं. पाचव्याबद्दल प्रकाशक बोललाच नाही. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. हेलन इंग्लंडला परत गेली; आता तिच्या गावातल्या एका कॉलेजात प्रौढांना पत्रं आणि अर्ज लिहायला शिकवते. ‘लिहिताना आता हात थांबतो,’ असं एकदा तिनं कळवलं होतं, ‘मला दिसतं ते खरं आहे की नाही, याची खात्री वाटत नाही.’ तिला दिसलं ते खरं होतं. हे सांगू शकणारं जगात एकच माणूस आहे.

जाण्याआधी ती निरोप घ्यायला आली. आम्ही खाली हॉकर सेंटरमध्येच बसलो, तिनं दोघींचा चहा आणला. मला वाटलं, आता विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं — घाईत वाचलं, नजरेतून सुटलं.

त्याची गरज पडली नाही. ते तिनंच म्हटलं. “ते तोरणाचं तुझ्या नजरेतून सुटलं असणार, इतकी पानं होती. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.” मग म्हणाली, “पण देविका मी लिहायला नको होती. तू मैत्रीण म्हणून सांगितलंस, मी विचारलं तेव्हा तू नाही कसं म्हणणार होतीस? लायब्ररीत तू उठलीस तेव्हा मला कळलं, तुला किती लागलंय. माझं चुकलं, माधवी. मला माफ कर.”

मी चहा संपवला. म्हटलं, “जाऊ दे, हेलन. मी मनात काही ठेवलेलं नाही.”

आणि मी तिला माफ केलं.