क्लॅरिनेटची पत्ती

अकोला स्टेशनवर मला सोडायला आई, बाबा आणि बाबांची काळी पेटी असे तिघं आले होते. पेटीत क्लॅरिनेट होतं. जुन्या शहरातल्या एका बँडमध्ये बाबा ते वाजवत. पोरगा अमेरिकेला चाललाय तर त्याला वाजवून निरोप द्यायचा, असं त्यांनी मनात धरलेलं; बोलले मात्र नव्हते. त्यांच्या ओठांत पत्ती दिसली आणि मी ओळखलं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते. ती भिजल्याशिवाय सूर लागत नाही, म्हणून वाजवणारा ती आधी तोंडात धरून बसतो.

"बाबा, अठी नोका वाजवू," मी म्हटलं. "लोकं पाहून राहिले."

लोकं म्हणजे दोघंच. माझ्याबरोबर कंपनीत निवड झालेले, अमरावतीहून त्याच गाडीत बसून आलेले. एकाचे वडील प्राध्यापक. माझे बाबा लग्नांत वाजवतात हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

बाबांनी मान हलवली. आई म्हणाली, "पोचला की फोन लाव." बाबा मात्र एक शब्द बोलले नाहीत, गाडी हलली तरी नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं, राग मलाच आला, आणि सहा वर्षं मी तो सांभाळला. या काळात दोनदा अकोल्याला जाऊन आलो, पण पेटीचं नाव दोघांनीही काढलं नाही. फोनवर आमचं बोलणं ठरलेलं: "बरं हाय ना? थांब, आईले देतो."

परवा शनिवारी इथं शिकागोत एका जुन्या बारमध्ये गेलो. तिथं स्विंग वाजवतात, म्हणजे इथल्या पणजोबांच्या काळातलं नाचायचं संगीत. ऑफिसमधल्या ज्यानं बेत ठरवला, त्याचा ऐन वेळी मेसेज आला की जमत नाही. एकट्यानं जेवायची सवय झालीय, तसं एकट्यानं गाणं ऐकणंही जमेल असं वाटलं. नाही जमत. तीन खुर्च्यांच्या टेबलावर कोट आणि मी असे दोघं बसलो. बार शंभर वर्षांचा, लाकडी काउंटर हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. आपल्याकडं असतं तर एव्हाना तिथं मोबाइलचं दुकान निघालं असतं.

ड्रम, पितळी वाद्यं आणि मधोमध सत्तरीचा क्लॅरिनेटवाला. सगळं ओळखीचं वाटत होतं. फक्त हे लोक बसून वाजवत होते. बाबांना मी वाजवताना बसलेलं कधी पाहिलं नाही. बार्शीटाकळीच्या लग्नात भर उन्हात वरातीपुढं चालायचं, लोकांनी नवरदेवाकडं पाहायचं, आणि बँडवाल्यांचं पान शेवटच्या पंगतीला. फक्त चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लोक त्यांना हाताला धरून पुढं आणत. इथं म्हाताऱ्याचा एक तुकडा संपला की सगळा बार टाळ्या वाजवत होता.

मध्यंतरात त्यानं नवी पत्ती काढली आणि तोंडात धरली. वाढणाऱ्या मुलीनं त्याला पाणी विचारलं. त्यानं नुसती मान हलवली, आणि मला बाबा दिसले.

ज्याला आता वाजवायचंय तोच पत्ती तोंडात ठेवतो. नाहीतर काढतो, पुसतो, डबीत घालतो. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मग मी नको म्हटल्यावरही बाबांनी ती का काढली नव्हती? गाडी हलेपर्यंत का ठेवली होती? मी 'वाजवा' म्हणेन म्हणून. मला तिथं बसवेना.

कोट घालून बाहेर फुटपाथवर आलो. तिकडे सकाळचे आठ वाजले असतील. फोन बाबांनीच उचलला.

"काहून रे? बरं हाय ना? थांब, आईले देतो."

"नोका देऊ. तुमच्याशीच बोलाचं हाय." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाबा, त्या दिवशी टेसनवर वाजवाले पायजे होतं तुमी."

"तूच तं नाई म्हणला."

"चुकलो मी. आता वाजवता का?"

ते म्हणाले, "वरचे दोन दात गेले रे. दिवाळीपासून पेटी उघडली नाई."

"चालते."

"फोन ठेवू नोको."

चपला वाजल्या. पेटीचे दोन खटके उघडल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही.

इथं कोणी घर कुठं विचारलं की मी अकोला म्हणतो आणि विषय संपतो. त्या वेळी माझं घर फोनमधल्या त्या शांततेत होतं. आत पुन्हा वाजवायला सुरुवात झाली होती, थंडीनं कान बधिर झाला होता. 'हॅलो' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाबांना आता बोलता येणार नव्हतं. पत्ती भिजायला वेळ लागतो.