दोन दातांची आई

चतुराबाईला ऐन विशीत म्हातारी केली ती आप्पासाहेबांनी. नाटक कंपनी त्यांची, नायिकेचं काम त्यांच्या बायकोला हवं, मग चतुराबाईच्या वाट्याला उरली आई. केसांना सफेदा, समोरच्या दोन दातांना काळं मेण, की झाली ती सत्तरीची. निजामाच्या अमलात परवाना मिळेल तेव्हा शहागंजच्या बाजारात कंपनीचा तंबू लागे. नाटकात मुलाला फाशी होते तेव्हा ही आई जे बोलायची, त्यानं उर्दू बोलणारे दुकानदारसुद्धा डोळे पुसत. पडदा पडला की मात्र तिला कोणी ओळखत नसे.

मग पुण्याहून एक दिग्दर्शक आला. त्याला या नाटकाचा बोलपट काढायचा होता. नायिकेसकट सगळ्यांना त्यानं नाकारलं आणि एकट्या चतुराबाईवर बोट ठेवलं. फक्त ते मेण चालणार नाही म्हणाला, कॅमेरा जवळ येतो, सोंग लगेच पकडतो. एवढं सहज बोलून दिग्दर्शकसाहेब मोटारीत बसले. त्यांचं काय जात होतं? नाटक त्याच रात्री संपतं, बोलपट मागं राहतो, हे मात्र चतुराबाईच्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसऱ्याच दिवशी ती कमरोद्दीनपुढं जाऊन बसली. तो चौकात दात काढायचा.

"बाई, हे तर लई पक्के दात हायेत," तो म्हणाला.

"काढ. खरी म्हातारी पायजे त्यांना."

तोंडाला फडकं लावून ती घरी आली. त्या दिवशी तिच्याइतकं सुखी गावात कोणी नव्हतं.

पुढं काही महिन्यांनी पुण्याहून आप्पासाहेबांकडे निरोप आला. बोलपटात गाणी वाढवायची होती, म्हणून आईला कथा सुरू व्हायच्या आधीच मारून टाकलं होतं. भिंतीवर हार घातलेली तिची तसबीर तेवढी दिसणार होती. तसबीर तरी माझी का, असं तिनं विचारलं. नाही, कुठल्याशा देखण्या बाईची, असं आप्पासाहेबांनी सांगून टाकलं.

ती तंबूत जुन्या कामावर परतली. पण भाषण सुरू झालं आणि दातांच्या फटीतून शब्दाशब्दाला वारा सुटायला लागला. फाशीच्या प्रवेशाला लोक हसले.

आप्पासाहेबांनी आईचं काम आशाबाई नावाच्या नव्या पोरीला दिलं. तिला रंगवायला बसवलं चतुराबाईलाच.

"दातांना मेण नीट लावा," ते म्हणाले. "तंबूत कोणाला कळतंय."

चतुराबाईनं मेण लावलं. खरंच कोणाला कळलं नाही.