सुनेच्या वहीवरची लाल शाई

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नीला नाही, मुलालाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे – ते मलाही नीट ठाऊक नाही.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात मी तीस वर्षे इंग्रजी शिकवले. शिकवले म्हणजे – धड्यातली ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा. स्वतःचे असे एक इंग्रजी वाक्य मी वर्गात कधी बोललो नाही. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारला, तेव्हा मला खोकला आला. तो खरा नव्हता. तरीही गाव मला ‘इंग्रजीचे सर’ म्हणत राहिले आणि मी म्हणू दिले.

आमच्या घरात सून सासऱ्यासमोर मोठ्याने बोलत नाही. रेखा बारावी होऊन आमच्याकडे आली. चार वर्षांत तिचे शब्द मी ऐकले ते एवढेच – “मामा, जेवायला वाढलंय”, “मामा, च्या ठेवलाय”. तेही दाराआडून.

मग ती मोबाइलवर इंग्रजीचे धडे पाहू लागली. दुपारची भांडी आटोपली की गोठ्यात जायची, पेंडीच्या पोत्याला मोबाइल टेकवायची, आणि पडद्यावरच्या बाई जे वाक्य म्हणत ते मोठ्याने म्हणायची.

“शेरडांना इंग्रजी शिकवतीस का काय गं?” माझी पत्नी विचारायची.

“शेरडं हसत तरी न्हाईत, आत्या!”

एके दुपारी मी भिंतीपलीकडे थांबून ऐकले. ती धडा बंद करून स्वतःचीच वाक्ये बोलत होती – आपले माहेर, आपली मुलगी, आपल्याला काय व्हायचे आहे. अडखळत होती, पण थांबत नव्हती. तिचा मोकळा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

लोहाऱ्यात लहान मुलांची इंग्रजी शाळा निघाली होती. शिकवायला बाई हव्या होत्या, मुलाखत इंग्रजीत होती. रेखाने स्वतःविषयी चाळीस वाक्ये लिहिली, वही माझ्या खाटेवर ठेवली आणि दाराआड उभी राहिली.

“मामा, तेवढं तपासा की. तुमी बरूबर म्हटलं की मी जाते.”

मी वही उघडली. तिच्यात चूक नव्हती. दोन वेळा वाचली – नव्हती. मग मी लाल पेन घेतले. तीस वर्षांची सवय. पानामागून पान मी वाक्ये खोडली, आणि वही परत देताना म्हणालो, “जाऊ नकोस. लोक हसतील.”

संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचे बोलणे कानावर आले. “त्या व्हिडिओतल्या बाईच चुकत असत्याल, आत्या. मामा कसे चुकतील?”

ती मुलाखतीला गेली नाही. गोठ्यातला आवाज दुसऱ्या दिवशी थांबला.

याला सात वर्षे झाली. मी काही बोललो असतो तर? दुसऱ्या दिवशी बोलता आले असते. पुढच्या वर्षीही आले असते. बोललो नाही.

परवा नात इंग्रजीचे पुस्तक घेऊन आईकडे गेली. रेखा भाकरी थापत होती. “आजोबांना इचार, बाळा. मला न्हाई येत. मामांनी माझी वही तपासली हुती, लई चुका निघाल्या.” स्वरात राग नव्हता. राग असता तर मला सोसणे सोपे गेले असते.

नात माझ्याकडे आली. मी तिला ओळ वाचून दाखवली आणि मराठीत अर्थ सांगितला. तिने तो उतरवून घेतला.

आता दिवस कलला आहे. बाहेर कपबशी वाजली. दाराआडून ती म्हणते आहे, “मामा, च्या ठेवलाय.”